जो ऑटोत बसला तो हरला

जिजाबाईला समुद्र दाखवायची कल्पना सुशीलची. त्यामागं पोराचा काहीतरी डाव आहे, हे तिला तिकिटं आली त्याच दिवशी कळलं. सुशील लाडात आला की त्याला काहीतरी कबूल करून घ्यायचं असतं, हे ती तो अर्ध्या चड्डीत होता तेव्हापासून पाहत आली होती. पण प्रताप नगरच्या गल्लीत तिनं ही शंका कोणाला कळू दिली नाही. आईच्या पंच्याहत्तरीसाठी पोरगा तिला जहाजानं मुंबईहून कोचीला नेणार, एवढंच गल्लीनं ऐकलं. ज्यांना कमी ऐकू येत होतं त्यांनी दोनदा ऐकलं.

नागपूरचा माणूस पाणी पाहून पाहून पाहणार किती? जिजाबाईचं माहेर कन्हानच्या काठावरचं, सासर मौद्याकडचं, धान आणि मिरचीचं. नदीला पूर आला की पलीकडचा काठ दिसत नाही, एवढीच तिची मोठ्या पाण्याची कल्पना. इथं तर काठच नव्हता. जहाज म्हणजे सात मजली लॉज, फक्त गावाला बांधलेला नाही. पहिल्या संध्याकाळी तिनं कठड्याशी उभं राहून त्या पाण्याला दोन्ही हात जोडले, चिमूटभर हळदकुंकू वाहिलं, वाऱ्यानं ते परत तिच्याच पदरावर आणून टाकलं, आणि ती विहिणीला म्हणाली की याचं पोट भरलेलं दिसून राहिलं.

विहीण म्हणजे कुसुमताई, सून श्वेताची आई. धरमपेठेत राहायच्या, शाळेत हेडमिस्ट्रेस होऊन रिटायर झालेल्या. दोन्ही विहिणी एकाच खोलीत ठेवायची युक्तीही सुशीलचीच. त्याला वाटलं, एकमेकींत गुंतल्या की आपल्याकडं लक्ष जाणार नाही. कुसुमताईंना पहाटे उठून श्वासाचे व्यायाम करायची सवय, जिजाबाईला पहाटे उठून मोठ्यानं देवाची नावं घ्यायची. दोघींनी एकमेकींना काही म्हटलं नाही. फक्त दुसऱ्या दिवशी एकीचा श्वास जास्त मोठा झाला आणि दुसरीचे देव.

डाव बाहेर पडला तो दुसऱ्या दिवशी, नाश्त्याच्या टेबलावर. जागा सुशीलनं बरोबर निवडली होती. चहूकडं पाणी. रागावून उठून जायचं म्हटलं तरी माणूस जाऊन जाऊन पोहायच्या टाक्यापर्यंत जाणार. त्यानं आईच्या ताटात स्वतःच्या हातानं इडली वाढली, तेव्हाच जिजाबाईनं चमचा खाली ठेवला.

यंदापासून महालक्ष्म्या पुण्याला आमच्या घरी बसवू, असं तो म्हणाला.

भाद्रपदात जिजाबाईच्या घरी महालक्ष्म्या येत, थोरली आणि धाकटी, तिच्या लग्नाच्या आधीपासून. मौद्याच्या घरात सासू आणायची. सासूचे हात थरथरायला लागले तेव्हा तिनं थोरलीचा पितळी मुखवटा जिजाबाईच्या ओंजळीत दिला. पुढं नवऱ्यानं, महादेवरावांनी, प्रताप नगरात घर बांधलं तेव्हा घरात पहिलं पाऊल महालक्ष्म्यांचंच पडलं. आता महादेवराव नाहीत, पण रीत तीच. फाटकापासून आतपर्यंत कुंकवाची पावलं काढायची. थोरली जिजाबाईनं धरायची, धाकटी श्वेतानं. मागून ताट वाजवायचं. प्रत्येक उंबरठ्यावर बायका विचारतात, लक्ष्मी कशाच्या पावलांनी आली? सोन्याच्या पावलांनी आली, असं म्हणायचं आणि मग त्या पावलापावलांवरून तिला सगळं घर दाखवत न्यायचं. ही कोठी बाई, ही भरलेली आहे. ही चूल, ही पेटती आहे. हे पाण्याचं, हे दुभत्याचं, ही लेकरांची खोली. घाई नाही करायची. देवी पाहुणी आहे, तिला नीट पाहू द्यायचं.

मागच्या साली हे दाखवत दाखवत जिजाबाई स्वयंपाकघराच्या उंबरठ्यापर्यंत आली आणि तिचे दोन्ही गुडघे तिला न विचारता वाकले. ती खाली बसली ती बसलीच. चौघांनी धरून उठवलं. घरात पन्नास माणूस. मुखवटा तिनं जमिनीला लागू दिला नाही, हे कोणी पाहिलं नाही. ती बसली, हे सगळ्यांनी पाहिलं.

तेव्हापासून नात्यातल्या बायका फोनवर तिला तब्येत विचारायच्या आधी गुडघे विचारत.

सुशीलनं सगळं पाठ करून आणलं होतं. डॉक्टर काय म्हणाले, पुण्याच्या फ्लॅटला लिफ्ट कशी आहे, ब्राह्मण, स्वयंपाकीण, सगळं कसं एका फोनवर मिळतं. आईनं फक्त खुर्चीवर बसून पाहायचं. श्वेता पावाला लोणी लावत होती. एकच पाव. लोणी चारदा लावून झालं तरी लावत होती.

जिजाबाईनं ऐकून घेतलं आणि विषय बदलला, निदान सुशीलला तसं वाटलं. उद्या कोचीला उतरल्यावर आपण काय पाहणार, असं तिनं विचारलं. त्यानं सांगितलं की तो, श्वेता आणि कुसुमताई जुन्या बंदराच्या भागातून पायी फिरणार आहेत, सोबत गाईड आहे, कोळ्यांच्या जाळ्यांपासून मसाल्याच्या बाजारातून थेट जुन्या राजवाड्यापर्यंत. आईचं नाव त्यानं बसच्या फेरीत घातलं होतं. बसमधून सगळं दिसतं, एसी आहे.

"माह्यं नाव काढ तिथून," जिजाबाई म्हणाली.

"आई, ते बरंच लांब आहे. तुले घरातल्या घरात चालणं होत नाही, म्हणून तं मी..."

"म्हणून तं तू माह्या महालक्ष्म्या नेऊन राहिला. समजलं मले. आता ऐक. मी उद्या पूर्ण चालली, आपल्या पायानं, तं महालक्ष्म्या प्रताप नगरात बसतीन. मधात कुठं ऑटोत बसली, तं मीच मुखवटे पेटीत भरून तुह्या गाडीत ठेवीन. वरून तोंडातून एक शब्द काढणार नाही."

शब्द न काढण्याची गोष्ट ऐकून सुशीलचे डोळे चमकले. त्यानं लगेच हो म्हटलं.

"आणि तुले पण तेच," जिजाबाईनं पुढं जोडलं. "जो ऑटोत बसला तो हरला. मी बसली तं मी, तू बसला तं तू."

सुशील हसला. पुण्यात तो रोज सकाळी टेकडी चढायचा आणि त्याचं घड्याळ त्याला शाबासकी द्यायचं. त्यानं सासूकडं पाहिलं, आणि म्हटलं की पंच तुम्हीच. कुसुमताईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आयुष्यभर त्यांनी शाळेच्या स्पर्धांत हेच काम केलं होतं. आपण कोणाच्याही बाजूच्या नाही, एवढंच त्या म्हणाल्या आणि श्वेताच्या हातातला पाव काढून घेतला.

तिसऱ्या दिवशी जहाज धक्क्याला लागलं आणि बसनं त्यांना जुन्या कोचीच्या किनाऱ्यावर आणून सोडलं. जिजाबाईच्या पायात सुशीलनं पुण्याहून आणलेले बूट होते, पांढरे, जाड तळव्यांचे, गुडघ्यांसाठी म्हणून खास. घातले की माणूस वीतभर उंच व्हायचा. पायात दोन दोन भाकरी बांधल्यासारखं वाटतं, असं ती पहिल्या दिवसापासून सांगत होती. पण महाग वस्तू आहे म्हणून घालत होती.

गाईड पोरीचं नाव शीबा. सडपातळ, काळीसावळी, हातात लाल छत्री. छत्री ऊन-पावसासाठी नव्हती, ती वर धरून लोकांना मागं बोलवायला होती. हिंदी तिची मोडकी होती, पण आवाज असा खणखणीत की शेवटच्या माणसालाही आपल्यालाच रागावली असं वाटावं. जिजाबाईला पोरगी पसंत पडली.

आधी शीबानं जाळी दाखवली. पाण्याच्या कडेला लाकडाचे मोठमोठे सांगाडे, त्यांना झोळीसारखं जाळं, मागं दोरांना दगड लटकवलेले. पाचसहा माणसं दोर ओढत, जाळं पाण्यातून वर येई, आणि एवढ्या सगळ्या थाटातून मूठभर मासळी निघे. ही पद्धत शेकडो वर्षं जुनी, असं शीबा म्हणाली. मग मोठ्या झाडांच्या सावलीतून ती सगळ्यांना एका जुन्या चर्चपाशी घेऊन गेली. वास्को द गामाला आधी इथं पुरलं होतं. समुद्र ओलांडून तो मिऱ्यांच्या वाटेनं आला, शेवटी इथंच आजारी पडून मेला, नंतर त्याची हाडं त्याच्या देशी नेली.

मिऱ्यासाठी माणूस इतक्या दूर आला, आणि आमचा सुशील रस्सा तिखट लागला म्हणून दही मागतो, हे जिजाबाई कुसुमताईंच्या कानात म्हणाली. कान चर्चमधला होता, पण आवाज मौद्याचा. पुढच्या रांगेतली तीन माणसं वळली.

त्या चर्चच्या दारातच बुटांचा पहिला तमाशा झाला होता. देवाचं घर म्हणून जिजाबाई पायरीवर बूट काढायला बसली. इथं बूट घालूनच जातात, असं शीबानं सांगितलं, तेव्हा एक निघालेला बूट सुशीलला गुडघे टेकून परत चढवावा लागला. आता हे पुन्हा काढायचे नाहीत, जहाजावर जाईपर्यंत नाही, असं त्यानं आईला बजावलं. जिजाबाईनं मान डोलावली. तिच्या मान डोलावण्याचा अर्थ महादेवरावांना कळायचा.

तिथून बाजाराचा लांब रस्ता सुरू झाला. एका बाजूला जुन्या वखारी, खांद्याला खांदा लावून, कौलं काळी पडलेली, दारं हत्ती जाईल एवढी. दुसऱ्या बाजूला तसंच. टेम्पो, हमाल, सायकली, आणि वास. सुंठ, वेलची, मिरे, ओली गोणपाटं, खारं पाणी, सगळं एकाच श्वासात. सोबतची माणसं फोटो काढत पळत होती, मग थांबत होती, मग मागं राहिलो म्हणून परत पळत होती. जिजाबाई पळाली नाही. तिच्या गुडघ्यांनी एव्हाना बोलायला सुरुवात केली होती. आधी उजवा हळूच, मग दोघं मिळून.

तिला तारलं ते शीबाच्या चालीनं. ही पोरगी थोडं चालायची, थांबायची, छत्री वर करायची. ही वखार, इथं वेलची भरत होते. परत थोडं चालायची. हे दार, इथून माल मोजून आत जायचा. कुठं घाई नाही, कुठली गोष्ट सोडणं नाही. जिजाबाईला चालता चालता एकदम ओळख पटली. ही तर आपलीच चाल आहे. ही कोठी बाई, ही भरलेली आहे. इतकी वर्षं आपण देवीला घर दाखवत फिरलो, आणि आज कोणीतरी आपल्याला घर दाखवून राहिलं. एवढं मोठं घर, समुद्राच्या दारातलं.

मग ती तशीच चालायला लागली. हातात मुखवटा असावा तसे हात पोटाशी, नजर पुढच्या चार पावलांवर, शीबा थांबली की थांबायचं, निघाली की निघायचं. गुडघे कुरकुरत होते, पण वाकत नव्हते.

ऑटोवाले मात्र पाठ सोडत नव्हते. अम्मा ऑटो, अम्मा ऑटो करत एक तर इतका जवळ आला की त्याच्या सीटवरच्या सावलीचा गारवा लागला. सुशीलनं त्याला थांबवलं. त्याचा चेहरा खरंच चिंतेचा होता, हे जिजाबाईलाही कबूल करावं लागलं. बस थोडी, असं तो म्हणाला, कोणी मोजत नाही.

"विहीणबाई मोजून राहिल्या," जिजाबाई म्हणाली आणि ऑटोच्या बाजूनं पुढं निघाली.

त्यानंतर शीबा सगळ्यांना एका चालू वखारीत घेऊन गेली. मोठं दार, आत फरसबंद अंगण, आणि अंगणभर लाल मिरची. वाळायला पसरलेली, बाजूला ढीग, ढिगापलीकडं सुंठेच्या राशी. चारसहा बायका खाली बसून मिरच्या निवडत होत्या. लोकांना ठसका लागला. कोणी रुमाल काढले, कोणी शिंकत बाहेर पळालं. जिजाबाईनं छातीभरून श्वास घेतला. तिला वाटलं, आपण जहाजावर चढल्यापासून पहिल्यांदाच नीट श्वास घेऊन राहिलो.

आणि पुढं जे झालं ते तिनं ठरवून केलं नाही. तिच्या पायांनी केलं. खळ्यात रास पडली की तिथं जोडा घालून कोणी जात नाही. मौद्यात महादेवरावांचे जोडे बांधावर, धुऱ्यावर राहत, गड्यांचे राहत, व्यापारी आला तर त्याचेही. रास म्हणजे लक्ष्मी. हे कोणी कोणाला सांगत नाही, रास दिसली की पाय आपोआप मागं सरतो. चर्चमध्ये काय रीत हे तिला ठाऊक नव्हतं म्हणून तिथं तिनं शीबाचं ऐकलं. इथं विचारायचं काय होतं? दाराच्या खांबाला धरून तिनं एका पायानं दुसऱ्याची टाच दाबली, बूट भिंतीशी लावून ठेवले, आणि उजवं पाऊल आत टाकलं. ढिगाला हात लावून कपाळाला लावला. निवडणाऱ्या बायकांतल्या एकीनं ते पाहिलं आणि मान लववली. तिच्याही चपला नव्हत्या.

पण या वखारींची एक गंमत होती, आणि ती शीबा तेव्हाच सगळ्यांना सांगत होती. पुढचं दार रस्त्यावर, मागचं दार पाण्यावर. माल होडीनं मागून यायचा आणि पुढून जायचा, नाहीतर उलट. तेव्हा आता आपण होडीच्या वाटेनं बाहेर पडू, असं म्हणून तिनं लाल छत्री वर केली आणि सगळा घोळका मागच्या दारानं निघाला. जिजाबाईही निघाली. दगडी फरशीवर पाय गार होते. बाहेर पाण्याच्या कडेच्या गल्लीत पहिलंच पाऊल तापल्या दगडावर पडलं, तेव्हा तिला कळलं की आपण अनवाणी आहोत.

ती थांबली नाही. थांबली असती तर सुशीलनं विचारलं असतं. विचारलं असतं तर बूट आणायला गेला असता, तोवर तिला कुठंतरी बसवलं असतं, आणि बसवायला या गावात ऑटोशिवाय दुसरं होतं काय? तिनं पातळ थोडं खाली ओढलं, पावलं झाकली, आणि भिंतीच्या सावलीनं चालू लागली.

दहाबारा पावलांवर तिला एक नवल वाटलं. गुडघे गप्प होते. एकदम गप्प नाही, पण आतल्या आत बोलत होते, माणसात आल्यासारखे. त्या भाकरींवरून ती इतके दिवस घसरत, तोल सांभाळत चालत होती. आता पायाखाली दगड होता, आणि दगड कसा धरायचा हे पावलांना बरोबर आठवलं. धानाच्या बांधावरून डोक्यावर शिदोरी घेऊन चालणारी ती बाई. बांध तर याच्या निम्मा रुंद असायचा, आणि वरून ओला.

कुसुमताईंनी पाहिलं. आयुष्यभर पोरांचे बूट, नखं, केस तपासलेली बाई, ती पातळाखालची बोटं तिच्या नजरेतून सुटणार नव्हती. त्या जवळ आल्या. जिजाबाईनं काही म्हणायच्या आधीच डोळ्यांनी सांगितलं की विहीणबाई, बोलू नका. कुसुमताईंनी पावलांकडं पाहिलं, पुढं चाललेल्या जावयाकडं पाहिलं.

"नियमात बुटांचं काही ठरलं नव्हतं," त्या हळू म्हणाल्या.

आणि सावलीची आतली बाजू जिजाबाईला देऊन स्वतः उन्हातून चालायला लागल्या. थोड्या वेळानं त्यांनाच धाप लागली. पहाटेचे श्वासाचे व्यायाम मिरचीच्या ठसक्यापुढं कामी आले नाहीत. तेव्हा जिजाबाईनं त्यांच्या दंडाला धरलं. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं की विहीण तिला सांभाळून नेत आहे. जिजाबाईनं तसं वाटू दिलं.

राजवाड्याचं छप्पर दिसायला लागलं आणि सुशीलला फोटोची हुक्की आली. आई, समुद्र मागं येऊ दे, पूर्ण ये फ्रेममध्ये, असं म्हणत त्यानं मोबाइल वर केला, आणि मग हळूहळू खाली केला.

"आई, बूट कुठं आहेत?"

"मिरच्यांच्या दारात. सुखरूप असतीन, भिंतीले लावून ठेवले."

सुशीलचा चेहरा मिरच्यांसारखाच झाला. त्यानं बरंच काही ऐकवलं. डॉक्टरांचं नाव घेतलं, बुटांच्या कंपनीचं घेतलं, अनवाणी चालल्यानं गुडघ्याचं काय होतं ते इंग्रजीत सांगितलं. आता एक पाऊल पुढं टाकायचं नाही, इथंच उभी राहा, मी पाच मिनिटांत घेऊन येतो, असं बजावून तो आल्या वाटेनं टेकडी उतरल्यासारखा धावत सुटला. घड्याळानं त्याला शाबासकी दिली असेल.

लाल छत्री पुढं चालली होती. जिजाबाईनं सुनेकडं पाहिलं. दोन दिवस श्वेता एका शब्दानं या भांडणात पडली नव्हती. नवऱ्याची बाजू घेतली नाही, सासूचीही नाही. आता तिनं आपली पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"आई, थांबू नका," ती म्हणाली. "ते येतील मागून."

"तुले नाही पाहिजेत का वं महालक्ष्म्या तुह्या घरी?"

"पाहिजेत ना. पण धाकटी धरून तुमच्या मागं चालायची सवय आहे मला. पुढं कोण चालणार तिथं? मला कोणी विचारलंच नाही."

मलेही विचारलं नव्हतं, असं जिजाबाई म्हणाली, आणि तिघी निघाल्या. शीबानं मागं वळून पाहिलं. आजीबाईंच्या पायात काही नाही हे तिच्या ध्यानात आलं. तिनं फक्त छत्री उघडली, मागं आली, आणि जिजाबाईच्या डोक्यावर धरून चालायला लागली. सकाळपासून पहिल्यांदाच ती छत्री छत्रीसारखी वापरली गेली. मग शेवटचा वळसा, शेवटची वखार, राजवाड्याची भिंत आणि भिंतीच्या टोकाला त्यांची बस. जिजाबाईनं बसच्या पत्र्याला हात लावला, कबड्डीत रेषेला लावतात तसा, आणि मगच शेजारच्या ओट्यावर बसली.

सगळे आले. माणसं मोजली, एक कमी. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. जहाज कोणासाठी थांबत नाही, असं शीबानं काळजीनं सांगितलं. श्वेतानं फोन लावला, तर सुशीलला नीट सांगता येईना की तो कुठं आहे. एक मोठं दार आहे म्हणाला, कौलं काळी आहेत म्हणाला. तिथं दुसरं होतं काय? सगळी दारं मोठी, सगळी कौलं काळी. तो वेलचीच्या वखारीत शिरला होता, मग चहाच्या, मग कोणाच्या तरी घरात. मिरच्यांची वखार सापडली तेव्हा बसनं दुसरा हॉर्न दिला होता आणि तो अगदी उलट्या टोकाला होता.

थोड्या वेळानं वळणावरून फटफट आवाज आला. ओट्यावर बसल्या बसल्या जिजाबाईनं मान उंच केली.

काळीपिवळी ऑटो बसच्या पुढ्यात येऊन थांबली. आत सुशील. घामाघूम, शर्ट पाठीला चिकटलेला, आणि मांडीवर, तान्हं बाळ धरावं तसे, दोन पांढरे बूट.

सुशील एक पाय बाहेर टाकून तसाच थांबला. आपण कशातून उतरून राहिलो हे त्याच्या त्याच वेळी ध्यानात आलं असावं. तो म्हणायला लागला की मी तर बूट आणायला गेलो होतो, बस निघाली असती, जहाज निघालं असतं, हे त्यात धरायचं नाही. त्यानं आशेनं सासूकडं पाहिलं.

कुसुमताईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"सुशीलराव, तुम्ही ऑटोत बसलात," त्या म्हणाल्या. "जिजाबाई पायी आल्या. निकाल लागला."

बसमधल्या लोकांना गोष्ट काय आहे ते पूर्ण ठाऊक नव्हतं, पण एवढं तर कळलं की आजी जिंकली. त्यांनी टाळ्या वाजवल्या. शीबानं तर छत्री फिरवली. जिजाबाईनं टाळ्यांना मान लववली, हळू, एकदाच, जशी लग्नात वरमाईनं लववावी तशी. मग मुलाला जवळ बोलावलं आणि पदरानं त्याचा घाम पुसला. त्यानं बूट पुढं केले.

"ठेव ते पिशवीत," ती म्हणाली. "तेही ऑटोनं आले."

भाद्रपदात प्रताप नगरच्या घरी महालक्ष्म्या आल्या. त्या दिवशी फाटकापासून माणसंच माणसं. मौद्याचे आले, कन्हानचे आले, ज्यांनी मागच्या साली तिला बसताना पाहिलं होतं ते तर सगळे आले. पुढच्या जागा धरून उभे राहिले. आंबिलीचा आणि पुरणाचा वास गल्लीच्या टोकापर्यंत गेला होता. कुसुमताईंनी कुंकवाची पावलं काढली होती, ओळीत, सरळ, शाळेच्या मैदानावर चुना टाकावा तशी. श्वेतानं धाकटी धरली. ताट वाजवायला सुशील. ते काम त्यानं मागून घेतलं नव्हतं, आईनं दिलं होतं.

जिजाबाई अनवाणी निघाली. थोडं चालायची, थांबायची, मुखवटा त्या बाजूला वळवायची. ही कोठी बाई, ही भरलेली आहे. हे पाण्याचं. ही लेकरांची खोली, लेकरं पुण्यात असतात, पण आली आहेत. फ्रिज दाखवला. मिक्सर दाखवला. कपाटावर ठेवलेले पांढरे बूटही दाखवले आणि हे कोणाचे, ते सांगितलं. बायका हसायला लागल्या. ताट वाजवणारा हात मधेच चुकला.

स्वयंपाकघराचा उंबरठा आला तशी ती थांबली.

हसणं थांबलं. मागच्या साली ती इथंच बसली होती. सुशीलनं ताट खाली ठेवायला घेतलं, दोघी बायका पुढं सरकल्या. जिजाबाईनं कोणाकडं पाहिलं नाही. शीबा प्रत्येक दारात थांबायची तशी ती थांबली होती, नीट दाखवायला. ही चूल, ती म्हणाली, ही पेटती आहे, आणि ही माह्या हातात आहे. मग उजवं पाऊल उचलून उंबरठ्यापलीकडं ठेवलं, आणि डावं त्याच्यामागं आणलं.

मौद्याची एक जाऊ, जिनं फोनवर सगळ्यात जास्त वेळा गुडघे विचारले होते, तिला रीतीप्रमाणं विचारायचं होतं. तिनं घसा साफ केला.

"लक्ष्मी कशाच्या पावलांनी आली वं?"

"आपल्या पावलांनी," जिजाबाई म्हणाली. "ऑटोनं नाही आली."